अण्णांची इंग्रजीची चोपडी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे दोन-तीनदा बसलो, चार ओळी खरडल्या आणि सोडून दिल्या. पण परवा भाच्याचा फोन आला आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. म्हटलं, लिहून टाकावी. घरचे लोकही इथलं वाचतात, त्यामुळे जरा संकोचूनच लिहितोय. ताईनं वाचून लगेच फोन करू नये, ही आगाऊ विनंती :)

तर भाचा म्हणाला, "मामा, तुमची ती इंग्रजी शब्दांची वही आहे का हो अजून? आजी म्हणायलीय, माळ्यावर आहे म्हणून."

भाचा चाकूरलाच असतो, ताईकडे. परदेशात एम. एस. करायचं डोक्यात आहे, त्यामुळे जीआरईची तयारी चाललीय. मी म्हटलं, "तुझ्या मोबाईलमधे शब्दांचं अ‍ॅप आहे ना रे? वही काय करतोस?" तर म्हणाला, "अ‍ॅपमधे आज पाठ केलेलं परवा उडून जायलंय. आई म्हणते, मामाला आजोबांनी पाठ करून घेतले होते. कसे घेतले ते बघायचंय."

कसे घेतले... आता हे फोनवर कसं सांगणार?

अण्णा, म्हणजे माझे वडील, चाकूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. सकाळी नऊला दुकानात, तुरीचा-करडईचा सौदा, हमाली-तोलाईचा हिशेब, आणि रात्री रोजमेळ जुळल्याशिवाय घरी यायचं नाही, असा खाक्या. पाच पैशांचा फरक आला तरी जेवण थंड होईपर्यंत आकडे पुन्हा मांडायचे. शिक्षण नववीपर्यंत. इंग्रजी अक्षरं वाचता यायची, शब्दांचा उच्चार मात्र मराठीसारखा, जसं लिहिलंय तसा. 'नाइफ'ला ते शेवटपर्यंत 'क्निफे' म्हणत आले.

पण इंग्रजीचा त्यांना ध्यास होता आणि त्याचं कारण आमचे आजोबा. आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. तेव्हा हैदराबाद संस्थानात कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. आजोबा उर्दू शिकले, तहसील कचेरीत कारकून झाले, गावात मान मिळाला. मग १७ सप्टेंबर १९४८ उजाडला, संस्थान भारतात विलीन झालं, आणि काही वर्षांत कचेरीतून उर्दू गेली. आजोबांची अर्ध्या आयुष्याची कमाई ट्रंकेत जाऊन पडली. गावातल्या कुणाला जुना मुंतखब वाचून हवा असला की तेवढ्यापुरते लोक यायचे. (गंमत बघा, २०२३ साली मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणारी माणसं शोधायची वेळ आली. आजोबा असते तर खुर्ची टाकून बसले असते.)

अण्णांनी यातून आपल्यापुरता धडा घेतला होता. "साहेबाची भाषा बदलत असती. ती आधी वळखून शिकावी. उशीर झाला की मान जातो."

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आलं, आमची गाडी त्याआधीच निघून गेली होती. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बारावीला होतो. पुढे नांदेडला इंजिनिअरिंग. तिथं होस्टेलवर एका मुलाकडे बॅरन्सचं जाडजूड पुस्तक होतं. त्यात साडेतीन हजार शब्दांची यादी. अमेरिकेला जायचं तर ही यादी तोंडपाठ पाहिजे, असं सगळे म्हणायचे. मी तेवढ्याच पानांची झेरॉक्स काढली आणि १९९७ च्या उन्हाळ्यात ती गठडी घेऊन घरी आलो.

चार दिवस अण्णांनी काहीच म्हटलं नाही. मी आपला येरझाऱ्या घालत पुटपुटतोय. पाचव्या दिवशी म्हणाले, "काय पाठ करायलास?"

सांगितलं.

"काल केलेले किती ध्यानात हैत?"

वीसातले सहा आले.

"चौदा बुडाले की रे! असा धंदा केला तर दिवाळं निघंल."

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी घेऊन आले. तीच, हिशेबाची लांबट. वर 'श्री' लिहिलं, मधे उभी रेघ मारली. डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला नावे. रोज वीस शब्द. रात्री जेवणं झाली की अण्णा चोपडी घेऊन बसणार. शब्द त्यांच्या उच्चारात विचारणार, मी अर्थ सांगणार. आला तर जमा. चुकला तर नावे. नावे पडलेला शब्द दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा, आणि सलग तीनदा बरोबर आला तरच त्याच्यावर काट मारायची. "तीन हप्त्यांत फेड," असं त्याला नाव.

लोडशेडिंग असायचंच. कंदिलाच्या उजेडात अण्णा 'उबिक्विटोउस' म्हणून विचारतायत आणि मी हसू दाबत "युबिक्विटस, सर्वव्यापी" म्हणून सांगतोय. आई आतून म्हणायची, "काय बाई मंतर म्हणायलेत दोघं!"

खूप वर्षांनी कळलं की हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं, मग विसरण्याचा वेग कमी होतो. मधे अंतर ठेवून पुन्हा पुन्हा उजळणी केली तर ते टिकतं, हेही त्यानं पाहिलं. भाच्याचं अ‍ॅप तेच करतं म्हणे. चुकलेला शब्द लवकर पुढ्यात आणायचा, आलेला उशिरा. अण्णांनी एबिंगहाउसचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांना उधारी वसूल करायची माहिती होती, बस.

पण चोपडीतली खरी गोष्ट ही नाही. ती एका रात्री झाली.

यादीत 'लोक्वेशस' आला. मी म्हटलं, बडबड्या. जमा. दोन-चार दिवसांनी 'गॅरुलस'. बडबड्या. मग 'व्हर्बोज'. बडबड्या. मग 'व्हॉल्युबल'. तोही बडबड्या. अण्णांनी टाक खाली ठेवला.

"चार गिऱ्हाइकांचं एकच खातं कसं?"

"अण्णा, अर्थ एकच आहे."

"एकच असता तर साहेबानं चार शब्द कशाला ठिवले असते? येड लागलंय का त्याला? असं एका खात्यावर टाकलं की कुणाची बाकी कुणाच्या नावावर पडंल."

मी चिडलो. पण चोपडी पुढे सरकेना. शेवटी दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सरांकडे जाऊन मोठी डिक्शनरी आणली, त्यातली वाक्यं वाचून दाखवली, आणि मग अण्णा, आई आणि मी, तिघं मिळून मराठी शोधायला बसलो. ज्याला बोलायची हौस आहे तो 'लोक्वेशस', म्हणून बोलघेवडा. फुटकळ गोष्टींवर अखंड बोलत बसणारा 'गॅरुलस', आई म्हणाली वटवट्या, आणि वर गल्लीतलं एक नावही घेतलं. थोडक्यात सांगायचं सोडून शब्दांचा पसारा मांडणारा 'व्हर्बोज', म्हणजे पाल्हाळिक. न अडखळता घडाघडा बोलतो तो 'व्हॉल्युबल'. अण्णांना लगेच त्यांच्या ओळखीचा एक वकील आठवला.

त्या रात्रीपासून नियम झाला. एका मराठी शब्दावर दोन इंग्रजी शब्द टाकायचे नाहीत. 'थ्रिफ्टी' काटकसरी, 'पार्सिमोनियस' हात आखडता, 'मायझर' कवडीचुंबक. 'टॅसिटर्न' म्हणजे मुळात कमी बोलणारा, मितभाषी. 'रेटिसंट' म्हणजे मनातलं बाहेर न काढणारा. त्याला मराठी शोधता शोधता आई म्हणाली, "आतल्या गाठीचा." अण्णा म्हणाले, "त्यात जरा खोट हाय, कावेबाजपणा. हा नुसता मनात ठिवणारा हाय." दहा मिनिटं वाद. शेवटी 'मनमिटा' जमा झाला.

मी इंग्रजी शिकत होतो असं मला वाटत होतं. खरं तर त्या उन्हाळ्यात मी मराठी शिकलो. इंग्रजीतला बारीक फरक मला दिसत नव्हता, कारण माझ्या डोक्यातली मराठीच पाठ्यपुस्तकाएवढी होती. आईकडे आणि मोंढ्यात मराठीचं पोतं भरलेलं होतं, मी त्यात कधी हात घातला नव्हता.

सुट्टीत हजारेक शब्द झाले. पुढे दर शनिवारी नांदेडहून एसटीनं यायचो आणि रात्री खातं उघडायचो. वर्षाअखेर अण्णांनी ताळेबंद मांडला. जमा १,९४०, नावे ३१२.

परीक्षा मात्र दिलीच नाही. त्या वर्षी ताईचं लग्न ठरलं. डॉलरमधली फी, मग अर्ज, मग विमान... मीच म्हटलं, राहू द्या. (ताई, म्हणूनच म्हटलं होतं फोन करू नकोस. तुझ्यामुळे नाही. मलाच भीती वाटत होती.)

१९९८ ला पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेलो. अंगावर ताईच्या लग्नातला शर्ट, आणि पोटात १,९४० शब्द. समोर तिघं. स्वतःबद्दल सांगा म्हणाले. मी घोटून ठेवलेलं वाक्य काढलं. त्यात 'इन्डिफॅटिगबल' होता, न थकणारा. आता 'फटीग' माहीत होता, म्हणून मी म्हणालो, "इनडिफटीगेबल." मधल्या साहेबांनी एक भुवई वर केली. "काय म्हणालात? पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. ते शेजारच्याकडे बघून हसले. मग मी सावरायला गेलो आणि 'एपिटमी'चा 'एपिटोम' केला. संपलंच सगळं.

शब्द डोळ्यांनी शिकलेले, कानांनी कधी ऐकलेलेच नव्हते. ऐकणार कुठून? आमच्याकडे ते शब्द मोठ्यानं म्हणणारा एकच माणूस होता, आणि तो 'उबिक्विटोउस' म्हणत होता.

रात्रीच्या गाडीनं परत निघालो. बार्शी गेली तरी झोप नाही. त्या रात्री मला अण्णांची लाज वाटली, हे आज लिहितोय. त्यांच्या उच्चारांची, चोपडीची, कंदिलाची. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "कोणता शब्द कामी आला?" मी म्हटलं, "सगळेच." आणि त्यानंतर चोपडी उघडली नाही. त्यांनीही उघडू या म्हटलं नाही. माळ्यावर कुणी ठेवली, तेही मला माहीत नाही.

पुढे दुसरीकडे नोकरी लागली. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' मिळालं. १९४९ सालचं पुस्तक, अजून खपतं. शब्द सुटे घोकू नका, त्यांची मुळं बघा, असा त्याचा सांगावा. त्यातून मुळं बघायचा नादच लागला. 'सुपरसिलियस', म्हणजे तुच्छतेनं बघणारा. मूळ लॅटिन शब्दात भुवई आहे, भुवई वर चढवणारा. वाचलं आणि मुलाखतीतले साहेब डोळ्यापुढे आले. तो शब्द मी त्यानंतर कधीही विसरलो नाही. 'कम्पॅनियन'च्या पोटात लॅटिन 'पानिस' आहे, म्हणजे भाकरी. एका भाकरीचे वाटेकरी ते सोबती. आणि आपला पाव पोर्तुगीजांकडून आला, तोही त्याच 'पानिस'चा वंशज!

सगळ्यात मजा आली 'मंगूस'ची. इंग्रजांनी तो आपल्या मुंगसावरून घेतलाय, अस्सल मराठी शब्द. 'थग'ही इकडचाच, ठग. कर्नल मेडोज टेलरच्या १८३९ सालच्या कादंबरीनं तो विलायतेत घरोघर नेला, आणि हाच टेलर पुढे आपल्या शेजारच्या नळदुर्गला साहेब म्हणून होता. दिवाळीला घरी गेलो तेव्हा अण्णांना हे सांगितलं. किती वर्षांनी आम्ही दोघं शब्दांबद्दल बोलत होतो! अण्णा खूश. "म्हंजे त्यांनीबी आपल्याकडून उसनं नेलं की! व्याज लावलं का न्हाई कुणी?"

२०११ साली अण्णा आजारी पडले. पोटाचा कॅन्सर, आणि कळेपर्यंत उशीर झालेला. लातूरला दवाखान्यात होते. एका संध्याकाळी डॉक्टर आले, पेपर बघितले आणि माझ्याशी इंग्रजीत बोलले. चांगला माणूस होता, पेशंटला कळू नये म्हणूनच इंग्रजीत बोलला. म्हणाला, यापुढे फक्त पॅलिएटिव्ह.

डॉक्टर गेले. अण्णा उताणे पडून पंख्याकडे बघत होते.

"काय म्हणले डॉक्टर? अर्थ सांग."

तोच स्वर. रात्री चोपडी घेऊन विचारायचे तो. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून चुकीचा अर्थ सांगितला. म्हटलं, "आराम पडेल म्हणाले."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "ते आपलं पल्लियाटेच ना? उजव्या अंगाला होतं बघ. तुझ्या नावे पडलंवतं."

माझ्या घशात काहीतरी अडकलं. चौदा वर्षं झाली होती. मी विसरलेले शब्द त्या माणसानं सांभाळून ठेवले होते, म्हणजे उच्चार चुकीचा आणि खातं बरोबर. मी मान खाली घालून बसलो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे. बरोबर सांगितलास. आराम पडंल."

दीड महिन्यानं अण्णा गेले.

त्यानंतर कधीतरी मी तो शब्द मुळापासून बघितला. लॅटिन 'पॅलियम' म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. 'पॅलिएट' म्हणजे पांघरूण घालणं. दुखणं जात नाही, त्यावर नुसतं पांघरूण घालायचं. आपण मराठीत चुकीवर पांघरूण घालतो, अगदी तेच. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी इंग्रजीचं पांघरूण घातलं, मी खोट्याचं घातलं, आणि अण्णांनी आमच्या दोघांवर आपलं घातलं. शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. यादीत तो एका ओळीचा होता.

असो.

गेल्या शनिवारी चाकूरला गेलो. माळ्यावर चढलो. चोपडी होती, लाल कापड विटून गेलेलं, कडेला उंदरांनी कुरतडलेलं. भाचा आणि मी ओसरीवर बसून पानं उलटली. भाचा हसत होता, "मामा, यातले कितीतरी आता परीक्षेत येतच नाहीत. २०११ लाच त्यांनी विरुद्धार्थी शब्दांचे आणि जोड्यांचे प्रश्न काढून टाकले. नुसता अर्थ पाठ करून भागत नाही, वाक्यात कुठला बसतो ते बघतात." मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी ते १९९७ लाच ओळखलं होतं," आणि त्याला चार बडबड्यांचं पान दाखवलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "वटवट्या म्हणजे काय हो?" म्हटलं, "जा, आजीला विचार. नावासकट सांगेल."

'पॅलिएट' सापडला. उजव्या अंगाला, अण्णांच्या वळणदार अक्षरात. पुढे लिहिलंय, 'दुखणं तसंच ठेवून त्रास कमी करणे.' त्याखाली दोन हप्त्यांच्या खुणा. तिसरा हप्ता राहिलेला. काट नाही.

ती चोपडी मी भाच्याला दिली नाही. दुसऱ्याचं पाठांतर कामाला येत नाही, हे त्याला सांगितलं. मोंढ्यात जाऊन एक नवी घेऊन दिली, तसलीच लाल, लांबट. आता ती सहज मिळत नाही, तिसऱ्या दुकानात मिळाली. त्याला म्हटलं, अ‍ॅप चालू दे, उच्चार त्यातूनच ऐक, त्यात लाज नाही. पण अर्थ आजीपुढे बसून लिही. एका खात्यावर दोन गिऱ्हाइकं टाकू नकोस.

नव्या चोपडीवर 'श्री' त्यानं लिहिलं. उभी रेघ मी मारली. आणि कुठलंही नवं खातं उघडताना मुनीम जसं करतात तसं, उजव्या अंगाला पहिल्या ओळीत मागची बाकी ओढली. एकच शब्द, माझ्या नावे.